तांदळाच्या डब्यांतील शिल्लक

घरांत राहून संसार पाहणाऱ्या बाईनें पैसा कसा वांचवावा, याविषयीं सल्ला देणारे पुष्कळ आहेत. पण तो वांचविलेला पैसा कोणाचा, हा प्रश्न सहसा कोणी काढीत नाहीं. आमच्या घरांत तो एका रात्रीं आपोआप निघाला. तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

धाकट्या मुलीच्या जन्मानंतर, २००९ सालीं, आम्हीं शाळेंतील नोकरी सोडली. सोलापुरांतील आमचें घर एकत्र कुटुंबाचें. मामंजी, सासूबाई, भाऊजी, जाऊबाई आणि आम्हां दोघी जावांचीं मिळून चार मुलें. जाऊबाई नोकरीस जात, म्हणून घरखर्चाचा कारभार आमच्याकडे आला. दर महिन्याच्या एक तारखेस सर्व मिळवतीं माणसें ठराविक रक्कम आमच्या हातीं देत. स्वतःचा पगार थांबला आणि दुसऱ्यांच्या पगाराचा हिशेब ठेवणें सुरू झालें. हा फरक वरवर लहान दिसतो. पण तो किती बोचतो, हें अनुभवलेल्यांनाच ठाऊक.

काटकसरीचे पहिले धडे सासूबाईंनीं दिले. रब्बीचा हंगाम उरकला कीं मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी वर्षाची एकदम भरावयाची. ती चांगली वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेविली म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत दुकानदाराचें तोंड पाहावें लागत नाहीं. तवा तापलाच आहे तर चार कडक भाकऱ्या जास्त कराव्या. त्या कित्येक दिवस टिकतात, आणि जोडीला घरीं कुटलेली शेंगांची चटणी असली कीं मुलें संध्याकाळीं बाहेरच्या पुड्यांसाठीं हट्ट धरीत नाहींत. विरलेली चादर गोधडीच्या पोटांत जावयाची, आणि गोधडी विरली कीं तिचें पायपुसणें व्हावयाचें. भाजी धुतलेलें पाणी तुळशीला. कारण ज्या गांवांत नळाला कांहीं दिवसांआड पाणी येतें, तेथें पाण्याची काटकसर कोणास शिकवावी लागत नाहीं.

वांचविण्याच्या नादांत चुकाही झाल्या. थोरल्या मुलाची दाढ किडली होती. ‘दुधाची असेल, पडेल’ म्हणून आम्हीं चार महिने टाळाटाळ केली. शेवटीं जो खर्च आला त्यांत कित्येक महिन्यांची बचत वाहून गेली, आणि लेकराला सोसावें लागलें तें निराळेंच. तेव्हांपासून औषध, दूध आणि मुलांचीं पुस्तकें यांवर कात्री चालवावयाची नाहीं, असा आम्हीं नियम केला.

असें करतां करतां महिनाअखेर दोनशें, कधीं पांचशें रुपये उरत. ते आम्ही तांदळाच्या डब्याच्या तळाशीं एका पिशवींत ठेवीत असूं. चोरी करावी असें मनांत कधीं आलें नाहीं. पण माहेरीं भाचीसाठीं कांहीं न्यावयाचें झालें तर कोणापुढें हात पसरावा लागूं नये, एवढीच इच्छा होती.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजारांच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद झाल्याचें जाहीर झालें. सारें घर दूरदर्शनसमोर बसलें होतें. आमच्या हातापायांतलें बळच गेलें. जेवणें आटोपल्यावर सर्वांसमक्ष डबा उपडा केला. एकतीस हजार पांचशें रुपये निघाले, बहुतेक पांचशेंच्या नोटा.

यजमान नोटांकडे पाहत राहिले. “माझ्याच पैशांची माझ्यापासून लपवाछपवी?” एवढेंच ते म्हणाले. बोलणें अर्धें थट्टेचें होतें, पण अर्धें नव्हतें. आम्हांला उत्तर सुचेना.

इतक्यांत सासूबाई देवघरांत गेल्या आणि एक मळकट बटवा घेऊन आल्या. त्यांत अठरा हजार होते. मामंजी चकित झाले. एके काळीं ते गिरणींत हिशेबनीस होते. एकोणिसाव्या शतकापासून गिरण्यांवर वाढलेल्या या गांवांतील मोठ्या गिरण्या पुढें एकामागून एक बंद पडल्या, त्यांत त्यांचीही नोकरी गेली होती. सासूबाई शांतपणें म्हणाल्या, “तेव्हां पांच महिने घर कशावर चाललें, हें तुम्हीं कधीं विचारलेंत का? तुम्हांला वाटलें, वाणी उधार देतो. वाण्याचे पैसे ह्या बटव्यांतून जात होते. दिसलेला पैसा खर्च होतो, म्हणून झांकून ठेवला.”

मामंजी कांहीं बोलले नाहींत. यजमानांनींही मान खालीं घातली. पुढें सरकारनें, गृहिणींनीं बँकेंत भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी होणार नाहीं, असें जाहीर केलें. देशांत असे डबे आणि बटवे किती होते, याची ती कबुलीच म्हणावयाची.

पण यजमानांचा प्रश्न आमच्या मनांतून जाईना. इंग्लंडांत १९४३ सालीं हाच वाद वरिष्ठ न्यायालयांत गेला होता. एका बाईनें नवऱ्यानें घरखर्चास दिलेल्या पैशांतून शंभरावर पौंड वांचविले होते. न्यायालयानें ती शिल्लक नवऱ्याची ठरविली. पुढें १९६४ सालीं कायदा होऊन अशी शिल्लक उभयतांची, निम्मीनिम्मी, मानली जाऊं लागली. आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यांत, घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या कामाला पैशांत मोल आहे व भरपाई ठरवितांना तें धरलें पाहिजे, असें सांगितलें. बाई गेल्यावर जें मोल न्यायालयांत मान्य होतें, तें ती असतांना घरानें मान्य करावयास काय हरकत आहे?

लपविलेल्या पैशाला व्याज नाहीं, आणि आमचें कांहीं बरेंवाईट झालें असतें तर तो तांदळाखालींच राहिला असता. उलट, सासूबाई म्हणाल्या तेंही खरें. उघडा पैसा टिकत नाहीं. म्हणून जानेवारी २०१७ पासून आम्हीं सर्वांच्या संमतीनें तोड काढली. एक तारखेस प्रथम अडीनडीची रक्कम बाजूस ठेवावयाची, मग एक हजार रुपये आमच्या नांवानें पोस्टाच्या पांच वर्षांच्या आवर्ती ठेवींत भरावयाचे, आणि जें राहील त्यांत महिना भागवावयाचा. जमाखर्चाची वही फडताळांत उघडी असते, कोणीही वाचावी. त्या वहींतूनच भाऊजींना स्वतःच्या चहाचा महिन्याचा खर्च कळला, आणि दोन दिवस ते चहा मागावयास लाजत होते. पोस्टाचें पुस्तक मात्र आमचें. ठेवीची मुदत भरल्यावर कोणालाही न विचारतां आम्हीं भाचीच्या लग्नाचा आहेर केला, आणि उरलेली रक्कम पुन्हां ठेविली.

ज्या घरांत कोणी एकानें, मग ती बाई असो वा पुरुष, मिळकत सोडून घर सांभाळलें आहे, त्या घरानें एवढें अवश्य करावें. काटकसर करणाऱ्याला तिचा वांटा राजरोस मिळाला, तर त्याला ती लपवावी लागत नाहीं.

डब्यांत आतां नुसते तांदूळ असतात. सासूबाईंचा बटवा मात्र अजून देवघरांत आहे. त्यांत किती आहेत, हें मामंजीसुद्धां विचारीत नाहींत.