ताणलेली स्प्रिंग

काल अखेर बर्फाचं पातं काढून गॅरेजच्या कोपऱ्यात उभं केलं. एप्रिल संपत आला. पुण्यात लोक माठातलं पाणी पितायत आणि इथे आम्ही ‘संपला एकदाचा हिवाळा’ म्हणतोय. पातं काढताना स्प्रिंगांच्या बोल्टांवरची पांढरी रेघ दिसली आणि मार्च २०२५ मधली ती सकाळ पुन्हा आठवली. लिहायचं लिहायचं म्हणत राहूनच गेलं होतं. आज शनिवार आहे, बाहेर नुसता चिखल आहे, तर लिहूनच टाकतो.

मी राहतो हॉटन नावाच्या गावात. मिशिगनचा जो तुकडा वर लेक सुपीरियरमध्ये घुसलाय ना, तिथे. एमएस करायला मिशिगन टेकला आलो आणि इथेच अडकलो. नोकरी घरूनच करायची असल्यामुळे कुठे राहतो याच्याशी कंपनीला काही देणंघेणं नाही. इथे हिवाळ्यात थंड वारं तळ्यावरून येतं, येताना पाण्याची वाफ उचलतं आणि आमच्या डोक्यावर बर्फ म्हणून ओततं. वर्षाला सरासरी २०० इंचांच्या वर, म्हणजे पाच मीटर. मोहॉकच्या पुढे महामार्ग ४१ च्या कडेला एक उंचच उंच थर्मामीटरसारखी पट्टी उभी आहे, तिच्यावर विक्रम लिहिलाय : १९७८-७९ चा हिवाळा, ३९०.४ इंच. जवळजवळ दहा मीटर! आपल्याकडे आंबोलीचा पाऊस सांगतात तसं इथले लोक हा आकडा सांगतात.

माझे घरमालक म्हणजे एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा. त्यांचे आजोबा फिनलंडहून इथल्या तांब्याच्या खाणीत कामाला आले होते. बोलणं जेवढ्यास तेवढं. खाली ते आणि आजी, वर मी. त्यांच्याकडे एक जुनी एटीव्ही आहे, म्हणजे चार जाड चाकांची मोटारसायकलच, आणि तिच्या पुढे बर्फ ढकलायचं ६० इंची पोलादी पातं. आमचा करार साधा : बर्फ मी काढायचा, भाड्यात सूट त्यांनी द्यायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार मात्र पहाटे साडेपाचच्या आत रस्ता मोकळा पाहिजे, कारण आजींना डायलिसिसला न्यायचं असतं. त्यात उशीर चालत नाही.

मी पडलो मेकॅनिकलचा इंजिनिअर. म्हणजे चार वर्षं मेकॅनिकल शिकून आयटीत गेलेला, आपल्याकडे असतात तसा. त्यामुळे हे काम मिळाल्यावर भलताच खूश झालो होतो. म्हटलं, चला, डिग्रीचं काहीतरी चीज होईल.

पहिल्या हिवाळ्यातच कळलं की हे प्रकरण सतत काहीतरी मोडून घेत असतं. गंमत म्हणजे मोडणाऱ्या गोष्टी दणकट दिसणाऱ्या नसतात. पातं कधी मोडलं नाही. तुटली ती विंचची दोरी. पातं वर-खाली करायला पुढे छोटी विंच असते. पण विंच बनते चिखलात रुतलेली गाडी वर्षातून चार वेळा ओढायला, आणि इथे तिला एकाच बर्फात चाळीस-पन्नास वेळा पातं फूटभर उचलावं लागतं. हंगामात साठ वेळा बर्फ काढला म्हटलं तरी अडीच-तीन हजार वेळा. त्यातही दर वेळी दोरीचा तोच फूटभर तुकडा, त्याच जागी वाकणार, त्याच कडेला घासणार. मोठ्या ओझ्याने नाही, त्याच त्या छोट्या कामाने ती झिजते. त्यात मी सुरुवातीला बटण जास्त वेळ दाबून धरायचो. पातं वरच्या टोकाला टेकलं तरी विंच ओढतच राहायची. तिसऱ्या आठवड्यात फट्‌कन तुटली. आजोबांनी काही न बोलता पुढे हातभर दोरीचा वेगळा तुकडा जोडून दिला. झिजायचं तर त्याने झिजावं, तो स्वस्तात बदलता येतो.

मग बोल्ट. थरथरीने ढिले होतात. पात्याच्या तळाला जी झिजायची पट्टी असते ती वेळेवर उलटी करून लावली नाही तर झीज पात्यालाच लागते. रात्री पातं अधांतरी ठेवलं तर दोरीवर ताण राहतो, जमिनीवर ठेवलं तर गोठून चिकटतं. म्हणून खाली लाकडाची फळी टाकायची. उणे वीसमध्ये बॅटरीचा जीव अर्ध्यावर येतो आणि विंच तर सगळी बॅटरीवर. हे सगळं मी वहीत लिहून ठेवायला लागलो. दुसरा हिवाळा काही न मोडता निघाला तेव्हा मला वाटलं, जमलं आपल्याला. इथेच माशी शिंकली.

जानेवारीतला बर्फ हलका असतो, पिठासारखा. एका घनमीटरला शंभर किलो धरा. मार्चमधला ओला बर्फ तिप्पट भरतो. आमचा रस्ता तीस मीटर लांब, चार मीटर रुंद. त्यावर पाव मीटर बर्फ पडला की झाले तीस घनमीटर. जानेवारीत तीन टन, मार्चमध्ये नऊ. आता पात्याच्या मागे दोन जाड स्प्रिंगा असतात. पात्याची खालची कड कशाला अडली की त्या ताणल्या जातात, पातं पुढे कलंडतं, अडथळ्यावरून निसटतं आणि पुन्हा सरळ होतं. पण ओला बर्फ इतका जड की नुसत्या ढिगानेच पातं कलंडायला लागलं. दर दहा फुटांवर खाली मान घालायचं, बर्फ तिथेच. एका रविवारी मी वैतागून पाना घेतला आणि दोन्ही स्प्रिंगांचे बोल्ट जातील तेवढे आवळले. पातं भिंतीसारखं ताठ! काय छान काम झालं सांगू. आयटीच्या भाषेत, बग फिक्स करून मोकळा झालो. आजोबांना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

मंगळवारी पहाटे पाच वाजता उठलो. खरं म्हणजे साडेचारला उठायला हवं होतं. रात्रभर ओला बर्फ पडला होता आणि त्यात सरकारी नांगर रस्ता साफ करून गेल्यामुळे आमच्या तोंडाशी कमरेएवढा बांध झाला होता. घाई होती. वेग घेऊन बांधात घुसायचं ठरवलं. त्या बांधाखाली मोरीच्या काँक्रीटची कड आहे, हे मला माहीत होतं. पूर्वी दोन-चारदा पातं तिला लागलंही होतं. दर वेळी खडखड करून निसटलं होतं.

या वेळी नाही निसटलं. एकच दणका बसला. माझी छाती हँडलवर आपटली. टॉर्च मारून पाहिलं तर पातं ढकलणारी चौकट वाकलेली, गाडीच्या पोटाखाली ती जिथे बसते तिथली एका बाजूची पट्टी फाटलेली, आणि चौकटीचा नळ पुढच्या चाकात घुसलेला. पातं वर होईना, गाडी मागे जाईना. जी गाडी रस्ता मोकळा करणार, तीच रस्त्याच्या तोंडात बूच मारून बसलेली. मागे स्वयंपाकघरात दिवा, आणि आजी कोट-टोपी घालून खुर्चीत बसलेल्या खिडकीतून दिसत होत्या.

पुढचा तास मला नीट आठवत नाही. आजोबा आले, पिना ठोकून काढायला लागले. मी पलीकडच्या गल्लीतल्या दोन पोरांना फोन केला, एक नागपूरचा, एक सांगलीचा. दोघं फावडी घेऊन धावत आले. शेजाऱ्यांनी पिकअप आणून एटीव्ही ओढून बाजूला केली. उरलेला बांध आम्ही हाताने फोडला. आजी चाळीस मिनिटं उशिरा पोचल्या. तिथल्या लोकांनी सांभाळून घेतलं, त्या दुपारी घरी आल्या. काही झालं नाही. पण ‘काही झालं नाही’ हे दुपारी कळलं. सकाळभर मी संगणकासमोर बसून एक ओळ लिहू शकलो नाही.

संध्याकाळी गॅरेजमध्ये आजोबा स्प्रिंगांकडे बघत उभे होते. म्हणाले, “या कोणी आवळल्या?” मी म्हटलं, “मी.” “कधी?” “रविवारी.” ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “मला सांगायला हवं होतंस.” बस्स, एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

रात्री झोप येईना म्हणून सातारकडच्या मामाला फोन लावला. तिकडे सकाळ, मामा ट्रॅक्टरवर. सगळं सांगितलं तर मामा हसायलाच लागला. “आरं, आपल्या कल्टिव्हेटरच्या दातांना स्प्रिंगा कशापायी असत्यात? दगूड लागला की दात मागं सरावा म्हणून! त्या आवळून ठेवल्यास तर दात मोडंल न्हाई तर ट्रॅक्टरचं कंबारडं. तू इंजिनेर न्हवं?”

खरंच की. मग कागद घेतला. गाडी, पातं आणि मी मिळून पाचशे किलो. ताशी ८ किलोमीटरने आपटून पाच सेंटिमीटरमध्ये थांबलो तर सरासरी अडीच टनांचा जोर. तेच पातं कलंडून धक्का पंचवीस सेंटिमीटरमध्ये पसरला, तर अर्धाच टन. मी होतो ताशी १६ च्या आसपास. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट, म्हणजे दहा टन. हे बारावीच्या फिजिक्समध्ये मी पैकीच्या पैकी मार्क घेऊन सोडवलं होतं हो! पाना हातात आला तेव्हा आठवलं नाही.

लोकांना वाटतं, मोठी गाडी घेतली की सुटका. इथे बऱ्याच जणांकडे केबिनवाल्या दोन सीटच्या युटिलिटी गाड्या असतात. पण वजन दुप्पट म्हणजे त्याच वेगाला धक्क्यातली ऊर्जाही दुप्पट, आणि काचेआड हीटरच्या उबेत वेग कळतही नाही. चौकट वाकून येणाऱ्या त्याही गाड्या पाहिल्यात मी. पोलाद किती जाड, यापेक्षा धक्का जातो कुठे हे महत्त्वाचं. कुठेतरी तो जाणारच. स्प्रिंगेत गेला तर फुकट, हातभर दोरीत गेला तर किरकोळ, नाहीतर मग गाडीच्या हाडात.

पुढच्या दोन शनिवार-रविवारी आम्ही दोघांनी मिळून चौकट सरळ केली आणि फाटलेल्या जागी नवी पट्टी वेल्ड केली. वेल्डिंग आजोबांचं, घासकाम माझं. पैसे मी देऊ केले; त्यांनी निम्मे घेतले. शेवटी त्यांनी स्प्रिंगा हव्या तेवढ्याच ताणल्या आणि बोल्टावर पांढऱ्या रंगाने एक रेघ ओढली. म्हणाले, “ओला बर्फ असला तर पातं थोडं कमी भर. दोन फेऱ्या जास्त मार. आणि लवकर ऊठ.”

या हिवाळ्यात पातं अनेकदा कलंडलं. प्रत्येक वेळी थांबलो, मागे घेतलं, थोडा थोडा बर्फ ढकलला. मंगळवार-गुरुवार-शनिवारी गजर सव्वाचारचा. आजींचा एकही दिवस चुकला नाही. रेघ अजून होती तिथेच आहे.

असो. स्प्रिंगांना तेल लावायचं राहिलंय. आजोबा खाली हाका मारतायत.