काळ्या मातीवरचा पांढरा ससा

फेब्रुवारी. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउटवर बर्फाचा मागमूस नाही. १९३२ मध्ये चालण्याच्या हक्कासाठी माणसं बंदी झुगारून याच पठारावर चढली होती. आज मी निवांत फिरते ती त्यांच्यामुळे.

ओल्या काळ्या पीटच्या मातीवर डोंगरी ससा बसला होता. पांढराशुभ्र, कानांची टोकं तेवढी काळी. हिवाळ्यात रंग बदलणारे हे ससे इंग्लंडमध्ये फक्त इथल्या डोंगरांत आढळतात. एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी आणून सोडलेले. फोटो काढताना काळ्या मातीमुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि पांढरी लव पार धुऊन निघते, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणलं. मिशांवरचे थेंबसुद्धा दिसले. पण लपवणारा रंगच त्याला उघडं पाडतोय, हे बघून जीव कासावीस झाला. आणखी जवळ गेले नाही. थंडीत विनाकारण पळावं लागलं तर त्याची ताकद वाया जाते, आणि लांबच्या लेन्सवर माझं भागत होतं.