हॉलंडच्या दौऱ्यात काय पाहावे?

वृद्धसेवेच्या अभ्यासदौऱ्यासाठी देशोदेशींची पथके हॉलंडला जातात. कारकुनाच्या पगारात आमचा दौरा वाचनातूनच होतो. पण आमच्या घरी आई तीन वर्षे अंथरुणाला खिळून आहे, तिचे सगळे आमच्या पत्नीवर. तेव्हा तिकडचे वाचताना आम्ही हिशेब शोधतो.

अॅमस्टरडॅमलगत वेस्प येथे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची होखेवेक ही वस्ती 2009 साली उभी राहिली. दुकान, उपाहारगृह, नाट्यगृह सारे तिच्या आतच. पाहुणे याचेच फोटो काढतात. काढोत बापडे!

आम्हांस मोठे वाटते ते ब्यूर्टझोर्ग, म्हणजे शेजारसेवा. योस दे ब्लोक या परिचारकाने ती 2006 साली सुरू केली. त्याआधी तिकडे घरसेवेचे मिनिटांवर तुकडे पडले होते. आंघोळीला एक बाई, मलमपट्टीला दुसरी. म्हातारीला ओळखीचा चेहराच उरला नव्हता. ब्लोक यांनी बारापर्यंत परिचारिकांची लहान तुकडी केली, वर साहेब ठेवला नाही. कोणाकडे कोणी जायचे, ते त्याच ठरवतात. आजीला स्वतःहून काय जमते, शेजारीण, लेक किती हात लावतील, हे आधी पाहतात. बिल कामागणिक नाही, तासाच्या एकाच दराने.

आणि पैसा? हॉलंडने दीर्घकाळच्या शुश्रूषेचा विमा कायद्याने 1968 सालीच आणला. 2015 पासून घरी येणाऱ्या परिचारिकेचा खर्च सक्तीच्या आरोग्यविम्यातून होतो.

दौऱ्यावर निघालेल्या साहेबांना आमची एवढीच विनंती, तो विम्याचा कागद तेवढा मागून वाचा.