दादांचं शिलाई मशीन

चि. बाळास,

तुझं पत्र पोचलं. मराठी सिनेमाच्या थीमवर रेस्टॉरंट काढायचं तू ठरवलंयस. पहिलं इथे कोल्हापुरात, मग पुण्यात, मग मुंबईत. आणि दादांचं शिलाई मशीन तुला तिथे दर्शनी काचेत ठेवायला हवंय. ज्या माणसानं आयुष्यभर स्टुडिओत मावळ्यांचे अंगरखे शिवले, त्याची तुला आठवण झाली, हे वाचून डोळे भरून आले. तरी होकार कळवण्याआधी मला तुझ्याशी थोडं बोलायचं आहे.

1996 च्या उन्हाळ्यात ह्यांच्या कामानिमित्त आम्ही दोन महिने न्यूयॉर्कला होतो. तिथे 57 व्या रस्त्यावर ‘प्लॅनेट हॉलिवूड’ नावाचं सिनेमाच्या थीमचं रेस्टॉरंट होतं. बाहेर रांग, आणि भिंतीवर नटनट्यांच्या हातांचे ठसे. लोक त्या ठशांवर स्वतःचा हात ठेवून पाहायचे. आत काचेमागे सिनेमातल्या वस्तू, पडद्यावर घातलेले कपडे. सगळे नटांची नावं वाचत होते, आणि मी शिंप्याची मुलगी, टीप कशी मारलीय, शिवणीत किती कापड दाबलंय ते पाहत होते. बाहेर पडताना शहराचं नाव छापलेला टी-शर्ट घेतला. तो परवापरवापर्यंत कपाटात होता. तिथे काय खाल्लं ते मात्र आठवत नाही, आणि दोन महिन्यांत पुन्हा जावंसंही वाटलं नाही.

हे दुकान ऑक्टोबर 1991 मध्ये सुरू झालं. चालवणारे रॉबर्ट अर्ल आधी हार्ड रॉक कॅफेत मोठ्या पदावर होते, जोडीला निर्माते कीथ बॅरिश. सजावट अँटन फर्स्टची. ‘बॅटमॅन’च्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालेला हा माणूस. श्वार्झनेगर, स्टॅलोन, ब्रूस विलिस यांना कंपनीत भागीदारी दिलेली. नव्या शाखेच्या उद्घाटनाला ते जातीनं यायचे, रस्ते तुंबायचे, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं भरून फोटो. आम्ही गेलो त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनी शेअर बाजारात आली. 18 डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी 32 ला टेकला.

बाळा, मला वाटतं, घसरण तिथूनच सुरू झाली. भागधारकांना दर वर्षी वाढ दाखवायची, म्हणजे नव्या शाखा काढायच्या. नवी शाखा पहिलं वर्ष धो धो चालते, त्यामुळे जुन्या शाखांमधली रिकामी टेबलं हिशेबात झाकली जातात. नट उद्घाटनाच्या रात्री येतो, एरवीच्या मंगळवारी दुपारी कशाला येईल? त्याला पाहायला आलेला माणूस एकदा येतो, दुसऱ्यांदा येतो तो जेवणासाठी. आणि तिथल्या जेवणाचं कौतुक जाणकारांनी फारसं कधी केलं नाही. टी-शर्ट-टोप्यांच्या विक्रीचा गल्ल्यात मोठा वाटा होता, पण मला त्या टी-शर्टाचं अप्रूप होतं ते तो लांबच्या शहरातून आणला म्हणून. ऐंशीच्या आसपास शाखा झाल्यावर तो कुठेही मिळू लागला, मग कोण मिरवणार?

तोवर त्या एका परिसरातच हार्ले-डेव्हिडसनच्या नावाचं कॅफे, आणि मॉडेल्सचं फॅशन कॅफे. अर्ल यांनी स्वतः खेळाडूंचं ‘ऑल स्टार कॅफे’ काढलं. सगळीकडे काचेची कपाटंच. शेअर एका डॉलरच्याही खाली गेला, आणि ऑक्टोबर 1999 मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यातून सावरते न सावरते तोच 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर पर्यटक आटले, आणि ऑक्टोबर 2001 मध्ये दुसरा अर्ज. नाव पुढे मुख्यतः हॉटेलांवर उरलं. आपल्या गोव्यात उतोर्ड्याच्या किनाऱ्यावरही त्या नावाचं एक निघालं.

तुझी कल्पना वाईट नाही. कोल्हापूरइतका हक्क दुसऱ्या कुठल्या गावाला आहे? बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला तो इथे, 1929 साली ‘प्रभात’ उभी राहिली ती इथे. पण तुझ्या सहा पानी पत्रात भिंतींवर चार पानं आहेत आणि पांढऱ्या रश्श्यावर एक ओळसुद्धा नाही. आचारी कोण, मटण कुठून आणणार, मसाला घरचा की विकतचा, हे काहीच नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या खानावळीत भिंतीवर दोन पैलवानांचे फोटो आहेत, तेही धुरानं काळवंडलेले. रविवारी तिथे उभं राहायला जागा नसते, आणि बहुतेक चेहरे मागच्या रविवारचेच असतात. पुण्या-मुंबईचं मनातून काढ. आधी दोन वर्षं हे एकच नीट चालव.

मशीन मी काचेत ठेवायला देणार नाही. दादा गेल्यापासून ते मी वापरते, परवाच पट्टा बदलून घेतला. तुझ्या वाढप्यांचे अ‍ॅप्रन मी त्यावर शिवून देईन. किती जण ठेवणार आहेस ते कळव, मापं पाठव. आणि पुढच्या रविवारी येताना आचाऱ्याला घेऊन ये. घरचा कांदा-लसूण मसाला काढून ठेवते, रस्सा त्यानं माझ्यासमोर करायचा.

तुझी,
आत्या