माळ्यावरचे अंक आणि सहा टेबलं

चार वर्षं नोकरीबाहेर राहिलेल्या बाईला मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचारतात, "मधल्या काळात काय केलंत?" त्याला उत्तर म्हणून स्वतः बनवलेलं, चालतं असं काहीतरी दाखवायला हवं. कामांच्या यादीचं ॲप तर सगळेच करतात. म्हणून ठरवलं, बाबांच्या दिवाळी अंकांची सूची करायची. माळ्यावर साधारण ३०० अंक आहेत आणि घर बदलण्याआधी त्यांचं काय करायचं ते ठरवायचंच आहे.

कोडची एकही ओळ लिहायच्या आधी बाबांना विचारलं, "तुम्हाला यात नेमकं काय शोधावं लागतं?"

"अंकांची नावं पाठ आहेत गं मला. आक्काची कथा कुठल्या अंकात आली होती, ते सापडत नाही."

आक्का म्हणजे माझी आत्या. आता ती नाही. तिची छापून आलेली ती एकुलती एक कथा! या एका वाक्याने आराखडाच बदलला. अंक आणि वर्ष एवढी यादी पुरणार नव्हती, आतल्या प्रत्येक लेखाची नोंद हवी होती.

मग टेबलं मांडली: नियतकालिक, अंक, साहित्य, व्यक्ती. एका कथेला लेखक, अनुवादक, चित्रकार असे अनेक जण, आणि एका माणसाच्या अनेक कथा. म्हणून साहित्य आणि व्यक्ती यांना जोडणारं पाचवं टेबल आलं. सहावं नावांचं. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदी लेखनात बाळकराम! आपल्याकडे माणूस एक आणि नावं तीन हे नवीन नाही. आक्काने माहेरचं नाव लावलं होतं की टोपणनाव, हे बाबांनाही आठवत नाही. एकच माहिती दोनदा लिहायची नाही, ही शिस्त एडगर कॉडच्या १९७० सालच्या निबंधापासून चालत आलेली. आमच्या आक्कासाठी तीच उपयोगी पडतेय.

आणखी एक गंमत. युनिकोडमध्ये 'ळ'चा क्रमांक 'ल'नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत मात्र 'ळ' 'ह'नंतर. त्यामुळे एस्क्यूलाइट आपणहून काळे आधी आणि कासार नंतर लावतं. क्षीरसागर तर थेट 'क'मध्ये! म्हणून क्रम लावण्यासाठी वेगळा स्तंभ ठेवलाय.

आता हिशेब. अंकामागे ४० नोंदी धरल्या तर १२,००० होतात. नोंदीला एक मिनिट म्हटलं तरी २०० तास. एवढे तास आणायचे कुठून? म्हणून पहिल्या टप्प्यात सगळ्या अंकांचं नाव, वर्ष आणि अनुक्रमणिकेचा फोटो. सविस्तर नोंदी फक्त १९७० ते १९७९ च्या, कारण कथा त्याच दशकातली, एवढं बाबांना पक्कं आठवतंय. प्रत्येक अंकापुढे 'अनुक्रमणिका भरली का' असा एक रकाना आहे, म्हणजे शोधून काही मिळालं नाही तर ते खरंच नाही की अजून भरायचं राहिलंय, ते कळेल. लॉगिन, शेरे, चांदण्या वगैरे सगळं नंतर.

मुलाखतीत हीच वही पुढे ठेवणार आहे. काय घेतलं, काय सोडलं आणि का, हे त्यात लिहिलंय. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण अंक रद्दीत जायच्या आत बाबांच्या हातात ती कथा पडायला हवी.

तुमच्या माळ्यावर काय काय आहे हो?