बंबाखालचे जळण

हवेत कर्बवायू वाढला, त्याने पाऊसमान बिघडले, ही गोष्ट आता गावोगावच्या बैठकींत निघते. मीही त्यावर बोलतो. ते माझे कामच आहे. लोक ऐकतात, आणि कारखान्याच्या धुराड्याकडे नाहीतर हमरस्त्यावरच्या मोटारींकडे बोट दाखवतात. आपल्या परसातली न्हाणी कुणाच्या ध्यानात येत नाही. शेतकरी घरात रोज सर्वांत जास्त उष्णता लागते ती चुलीला आणि आंघोळीच्या पाण्याला. थंडीच्या दिवसांत तर न्हाणी चुलीच्या बरोबरीला येते.

यंदा मार्गशीर्षात आमची थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा हा प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला. आमचे गाव खटावच्या कोरड्या अंगाला. घरात सात माणसे, त्यात बाळंतीण आणि अंगाला तेल लावून न्हाऊ घालायचे बाळ. पहाटे पाचला बंब पेटायचा तो साडेनऊपर्यंत विझायचा नाही. जळण आणायचे काम मंडळींचे. ओढ्याकडेची वेडी बाभूळ तोडून भारा डोक्यावर घेऊन यायचे, आणि मग धुरात बसून फुंकर घालायची. तिचा खोकला दिवाळीपासून हटत नव्हता. मुलगा म्हणाला, "आण्णा, गीझर बसवू. बटण दाबलं की झालं." त्यावर आई म्हणाली, "बाळंतिणीला बंबाचंच पाणी पायजे. आन् लाईट गेली तर लेकराला काय गार पाण्यानं न्हाऊ घालता?" मंडळी काहीच बोलल्या नाहीत. भारा त्यांच्या डोक्यावर होता, पण त्यांचे मत कुणी विचारले नव्हते.

मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, हे शाळेत शिकलेले. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४२ वर न्यायची म्हणजे ४४० किलोकॅलरी, विजेच्या भाषेत अर्धा युनिट. सात बादल्यांना साडेतीन युनिट. आपली वीज अजून मुख्यत्वे कोळशावर होते आणि एका युनिटामागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कर्बवायू हवेत जातो. म्हणजे गीझरने मंडळींच्या डोळ्यांतला धूर जाईल, पण दूरच्या वीज केंद्राच्या धुराड्यातून रोज अडीच किलो कर्बवायू निघेल. बिल येईल ते निराळेच.

मुलाने विचारले, मग बोअरची मोटर चालते तिचे काय? तोही हिशेब केला. २०० फुटांवरून एक बादली पाणी वर आणायला जी वीज लागते, तिच्या चाळीस-पन्नास पट वीज तीच बादली तापवायला लागते. तेव्हा पाणी उपसण्यापेक्षा ते तापवणे महाग आहे. पाणी अवश्य वाचवावे, पण आधी गरम पाणी वाचवावे.

आता बंबाकडे वळू. उघड्या चुलीवरच्या पातेल्यापेक्षा बंब बरा, कारण जाळ मधल्या नळीतून वर जातो आणि पाणी त्याच्या भोवती असते. तीन दगडांच्या चुलवणावर जळणातली नव्वद टक्के उष्णता वाऱ्यावर जाते. पण बंबाची ही करामत ओल्या लाकडाने मातीमोल होते. ओल्या लाकडातले एक लिटर पाणी वाफ होऊन उडायला सुमारे ६०० किलोकॅलरी खाते. एका बादलीला लागतात ४४०! म्हणजे ओला भारा जाळताना लाकडातले लिटरभर पाणी उडाले की एका आंघोळीपेक्षा जास्त उष्णता वाया गेली, आणि शिवाय धूर झाला. भगिनींनो, डोळे चोळायला लावणारा धूर म्हणजे न जळलेले जळणच असते. तुमच्या कष्टाचा भारा नळीतून तसाच बाहेर जात असतो.

म्हणून पहिली गोष्ट, लाकूड फोडून दोन उन्हाचे महिने वाळवायचे आणि पावसाआधी आडोशाला रचायचे. नळीतली काजळी महिन्यातून एकदा झाडायची. बोअरच्या जड पाण्याने आत क्षाराची खपली धरते, तीही काढायची. उष्णता त्या थरातून पलीकडे जायला वेळ घेते. आणि एक विनंती कळकळीने करतो. जाळ धरावा म्हणून खताच्या पिशव्या, ठिबकच्या तुटक्या नळ्या, टायरचे तुकडे बंबात घालू नका. तो विषारी धूर आधी पेटवणाऱ्या बाईच्या छातीत जातो.

काय जाळावे, यावर माझा एक हट्ट आहे, शेतीवाल्याचा. शेणी बंबाखाली घालणे मला बघवत नाही. माती तपासणीच्या पत्रिका मी वर्षानुवर्षे वाचतो; सेंद्रिय कर्ब कमी, बहुतेकांचे उत्तर तेच. जमिनीला जो कर्ब हवा तो आपण जाळून हवेत सोडतो, जिथे तो नको. शेण खड्ड्यात जावे, नाहीतर गोबरगॅसमध्ये. चार-पाच जनावरांच्या शेणावर दोन घनमीटरचा संयंत्र चालतो, आणि स्लरी शेताला मिळते ती मिळतेच. देहूला डॉ. मापुसकरांनी तर संडासही गोबरगॅसला जोडून दाखवले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. लाकूड जाळायचेच तर बांधावर सुबाभूळ, गिरिपुष्प लावावे. छाटले की फुटते, आणि हवेत गेलेला कर्ब पुन्हा फांदीत धरते.

दुसरी गोष्ट आईनेच सांगितली. "सकाळी टाकीचं पाणी कशाला घेता? ते बर्फावानी असतंय. ताजं उपसा." गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभर गारठून पहाटे १५ अंशांवर येते. जमिनीच्या पोटातले पाणी हिवाळ्यातही २५ अंशांच्या आसपास असते, म्हणून तर विहिरीतून पहाटे वाफा निघताना दिसतात. ४० अंशांपर्यंत न्यायला एकाला २५ अंश चढावे लागतात, दुसऱ्याला १५. एका युक्तीत पाच हिश्शांतले दोन हिस्से जळण वाचले, तेही फुकट. मी बी.एस्सी. झालो, पण हे म्हातारीने सांगितले.

शेवटी सौर बंब घ्यायचे ठरले, १०० लिटरचा. मंडळी पहिल्यांदा बोलल्या ते त्या वेळी: "भिशीचे पैसे आहेत माझे, पण भारा बंद झाला पाहिजे." गच्चीवर दक्षिणेला तोंड करून, नारळाची सावली टाळून तो बसवला. दिवसभरात तापलेले पाणी टाकीच्या जाड आवरणामुळे दुसऱ्या पहाटेपर्यंत गरम राहते. ६० अंशांच्या १०० लिटरमध्ये तेवढेच २० अंशांचे पाणी घातले की २०० लिटर आंघोळीजोगे होते. सात माणसांचे भागून बाळाच्या लंगोटांनाही उरते. लांब नळातले गार पाणी आधी येते, ते बादलीत धरायचे, मोरीत सोडायचे नाही.

ज्यांना हे परवडत नाही त्यांनी ठिबकची साधी, भोके नसलेली १६ मिलिमीटरची काळी लॅटरल पत्र्यावर वेटोळे करून टाकावी. १०० मीटर नळीत सुमारे १५ लिटर पाणी मावते आणि दुपारी दोनपर्यंत ते चांगले कढत होते. सूर्य कलला की निवते, म्हणून हे शेतातून दुपारी परतणाऱ्याच्या आंघोळीचे काम, पहाटेचे नव्हे.

आईने बाळाच्या पाण्याचा हट्ट सोडला नाही. पहिले सव्वा महिना त्याच्यापुरता बंब पेटत राहिला, वाळल्या तुरकाट्यांवर, घटकाभर. मंडळींचा खोकला माघ संपता संपता उतरला. न्हाणीचे पाणी केळीच्या चार खुंटांना लावले आहे. आषाढात आभाळ दाटले की सौर बंब थंडावतो, तेव्हा पुन्हा जळण लागणार. बांधावरची सुबाभूळ आत्ताच छाटून फांद्या उन्हात टाकल्या आहेत.