तीन अक्षरांची धाव

‘रन’ म्हणजे धावणे, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी मात्र या एका क्रियापदासाठी नऊ महिने खर्ची घातले. २०११ च्या सुमारास काम हातावेगळं झालं तेव्हा ६४५ अर्थ भरले. ‘रन’ या नामाचे अर्थ वेगळेच. १९८९ च्या आवृत्तीत पहिला मान ‘सेट’ या क्रियापदाचा होता, ४३० अर्थांचा. या कोशाची रीत मला फार मोलाची वाटते: तिथे अर्थ कुणाच्या मनाने ठरत नाही. कुणीतरी, कधीतरी खरंच लिहिलेली वाक्यं त्याच्या पाठीशी उभी करावी लागतात.

जुन्या इंग्रजीतही माणसासारखं पाणी याच क्रियापदाने धावत असे. मग धुण्यात रंग पसरला, तो धावला. सर्दीने नाक गळलं, तेही धावलं. कुंपणावरून वेल गेली, तीही. पण खरी भर घातली ती यंत्रांनी. आगगाडी, गिरणी, मोटार आणि आता संगणकावरचा प्रोग्रॅम.

हे सगळं आपल्याकडे ‘चालतं’. गिरणी चालते, घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाटक चालतं, कुणाच्या तरी शिवणकामावर घर चालतं. या चालण्यावर माझा जीव आहे. ‘घर चालतं’ म्हटलं की रोज थोडं पुढे जाणारी, दमलेली, तरी न थांबलेली एक बाई मला दिसते. ‘रन’मध्ये ती मला दिसत नाही. आणि ‘चालेल’ एवढं म्हणून आपण होकार देतो, तडजोड करतो, समोरच्याचं मनही राखतो. या ‘चालण्या’चे अर्थ असेच कुणीतरी महिनोन् महिने बसून वेचायला हवेत.

क्रिकेटने मात्र आपल्यालाही धावायला लावलं. खेळातली ‘धाव’ ‘रन’च्याच साच्यातली. म्हणून चेंडू सीमेपार गेला की फलंदाजाने पाऊल उचललं नाही तरी फलकावर चार धावा लागतात. रेडिओवर बाळ ज. पंडित एका जागी बसून बोलत, आणि त्याला आपण धावतं समालोचन म्हणत आलो.

माझा सर्वांत आवडता अर्थ निवडणुकीतला. अमेरिकेत उमेदवार अध्यक्षपदासाठी धावतो. ब्रिटनमध्ये पार्लमेंटसाठी तो उभा राहतो. भाषा एकच, पण एकीकडे शर्यत दिसते आणि दुसरीकडे चारचौघांसमोर उठून ‘मी आहे’ म्हणणारा माणूस. आपल्याकडेही हाच दुसरा माणूस आहे. ग्रामपंचायतीचे अर्ज भरायचे दिवस आले की पारावर विचारतात, ‘यंदा आपल्या वॉर्डातून कोण उभं राहतंय?’